दोंडाईचा, पाचोरा आणि संगणकाचे मराठी व्याकरण

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या जळगाव येथील संगणकशास्त्र प्रशाळेतून २०१० नंतरच्या दशकात जे शोधनिबंध बाहेर पडले, त्यांतील एक ठळक धागा मराठी शब्दांच्या चिरफाडीचा आहे. वाक्यातील शब्द कोणत्या जातीचा हे संगणकाने कसे ठरवावे, प्रत्यय लागून बदललेल्या शब्दातून मूळ शब्द कसा काढावा, आणि मजकुरात माणसाचे नाव कोणते, गावाचे कोणते व संस्थेचे कोणते हे कसे ओळखावे, हे त्या निबंधांचे विषय आहेत. १५ ऑगस्ट १९९० रोजी पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातून वेगळे होऊन स्थापन झालेल्या आणि आज जळगाव, धुळे व नंदुरबार एवढ्या तीन जिल्ह्यांचा कारभार पाहणाऱ्या या विद्यापीठात असे काम व्हावे याला एक कारण आहे. संगणकशास्त्रातील बहुतेक पद्धती कोठेही बसून वाचता येतात आणि कोठेही वापरता येतात, पण ज्या सामग्रीवर त्या चालवायच्या ती सामग्री, म्हणजे इथली भाषा, इथली पिके आणि इथली गावे, बाहेरून येत नाही.

या कामाची गरज समजण्यासाठी शोधयंत्राचा व्यवहार पाहावा लागतो. कोणी ‘धुळे कापूस’ असे दोन शब्द टाकून बातम्या शोधू लागले, तर ज्या बातमीत ‘धुळ्याच्या बाजार समितीत कापसाला’ एवढेच लिहिले आहे ती बातमीही त्याला मिळायला हवी. परंतु त्या बातमीत ‘धुळे’ही नाही आणि ‘कापूस’ही नाही. वाचणाऱ्याच्या हे ध्यानातही येत नाही, कारण प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे जे रूप होते, ज्याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात, ते तो लहानपणापासून सहज वापरत आलेला असतो. ‘धुळे’चे ‘धुळ्या’ होते आणि ‘कापूस’मधला ऊकार गळून ‘कापसा’ होते, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. संगणकाच्या लेखी मात्र शब्द म्हणजे अक्षरसंकेतांची एक माळ असते, आणि दोन माळांतील एक मणी जरी वेगळा निघाला तरी ते दोन शब्द परस्परांना अनोळखी ठरतात.

शब्दाच्या शेवटचे प्रत्यय उतरवून त्याला मूळ रूपापाशी किंवा निदान त्याच्या जवळ आणणाऱ्या आज्ञावलीला स्टेमर म्हणतात. इंग्रजीसाठी असा स्टेमर ज्युली बेथ लव्हिन्स यांनी १९६८ मध्ये मांडला, आणि मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेली कृती इतकी आटोपशीर निघाली की ती आजही अभ्यासक्रमांत शिकवली जाते. इंग्रजीत हे जमून गेले याचे श्रेय काही अंशी त्या भाषेच्या स्वभावालाही द्यावे लागते, कारण तिथे नामाला अनेकवचनाचा आणि मालकीचा, असे मोजकेच विकार होतात. मराठीत ‘धुळ्यातल्यांनासुद्धा’ हा एक अखंड शब्द बोलणाऱ्याच्या तोंडी सहज येतो आणि त्यात गावाचे नाव, स्थळ दाखवणारा प्रत्यय, त्यापासून झालेले विशेषण, त्या विशेषणाचे अनेकवचनी सामान्यरूप, चतुर्थीचा प्रत्यय आणि शेवटी अव्यय, एवढे सगळे एकावर एक रचलेले असते. हे थर वरून खाली, एकेक करून आणि योग्य क्रमाने काढावे लागतात, आणि प्रत्येक थर काढल्यावर खाली उरलेल्या रूपाची डागडुजीही करावी लागते. ‘कापसाला’मधला ‘ला’ काढून ‘कापसा’ आणि त्यातला आकार काढून ‘कापस’ उरले, तरी ‘कापूस’ हाती लागलेला नसतोच.

जळगावच्या प्रशाळेतील एच. बी. पाटील, अजय एस. पाटील आणि बी. व्ही. पवार यांनी २०१४ मध्ये, हाताशी असलेल्या मर्यादित मजकुराच्या आधाराने, मराठी वाक्यातील शब्दांच्या जाती ओळखणारी प्रणाली मांडली. २०१६ मध्ये भारतीय भाषांसाठी उपलब्ध असलेल्या स्टेमरांचा आढावा प्रसिद्ध केला. आणि २०१७ मध्ये ‘मार्स’ या नावाचा, नियमांवर आधारलेला मराठी स्टेमर एका आंतरराष्ट्रीय परिषदेत सादर झाला. नियमांवर आधारलेला म्हणजे ज्यात उदाहरणांवरून यंत्राने आपले आपण शिकावे अशी अपेक्षा नसून, कोणत्या शेवटाला काय काढायचे व काय जोडायचे हे माणूस आधी लिहून देतो. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या आपल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात ज्या रूपविचारासाठी पानेच्या पाने खर्ची घातली, तोच रूपविचार इथे आज्ञावलीच्या भाषेत पुन्हा लिहावा लागतो, फक्त वाचक बदललेला असतो, आणि हा नवा वाचक ‘अपवाद सुज्ञांस ठाऊक आहेत’ असे म्हणू देत नाही.

अपवादांची गोष्ट खरोखरच बिकट आहे, आणि ती खानदेशाच्या नकाशावरच दिसते. धुळे जिल्ह्यात शिंदखेडा तालुक्यात दोंडाईचा हे मिरचीच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. ‘चा’ हा षष्ठीचा प्रत्यय काढून टाकावा, हा नियम मराठी स्टेमरात असणारच, कारण त्याशिवाय ‘जळगावचा’ आणि ‘जळगाव’ एकत्र येणार नाहीत. पण तोच नियम दोंडाईचा या नावावर चालला की गावाचा शेवट कापला जाऊन ‘दोंडाई’ उरते, आणि ‘दोंडाईच्याच्या’ या रूपात तर यंत्राने एकदा कापावे की दोनदा, असा प्रश्न पडतो. अशा जादा कापणीला या शास्त्रात अतिच्छेद म्हणता येईल. ‘धुळ्यात’ आणि ‘धुळीत’ या दोन्हींना ‘धुळ’ या एकाच तुकड्यावर आणून ठेवणे हाही अतिच्छेदच, कारण मग शहराच्या बातम्यांत धूळ मिसळते. उलट ‘धुळे’ आणि ‘धुळ्यात’ वेगळेच राहिले, तर कापणी कमी पडली असे होते. एका बाजूची चूक टाळण्यासाठी नियम कडक करावा तर दुसऱ्या बाजूची वाढते, असा हा तिढा असल्यामुळे शेवटी अपवादांची यादी करावीच लागते, आणि त्या यादीत दोंडाईचा घालायला हवे हे दोंडाईचा ठाऊक असलेल्यालाच सुचते.

शब्दाच्या शेवटापर्यंत जाण्यापूर्वीच, त्याच्या पोटातही अडथळे असतात. जळगाव जिल्ह्यातील पाचोरा या गावाचे ‘पाचोऱ्यात’ असे रूप होते आणि त्यात मराठीचा खास अर्धा ‘र’, म्हणजे ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ यांत अर्थाचा फरक करणारा ‘र’, लिहावा लागतो. युनिकोड ही जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एक संकेतांक देणारी व्यवस्था आहे आणि १९९१ च्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासून तिच्यात देवनागरी आहे. पण हा अर्धा ‘र’ लिहिण्याचे तिने किमान दोन मार्ग मोकळे ठेवले आहेत. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडला जातो, तर दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह टाकले जाते. पडद्यावर दोन्ही ‘पाचोऱ्यात’ अगदी सारखे दिसतात, परंतु पहिल्यात नऊ संकेत असतात आणि दुसऱ्यात दहा, म्हणून यंत्राच्या दृष्टीने ती दोन निरनिराळी गावे ठरतात. त्यामुळे मजकूर हाती आल्यावर पहिले काम हे दोन मार्ग एकावर आणण्याचे, म्हणजे प्रमाणीकरणाचे असते. जुन्या फॉन्टांत जुळवलेला मजकूर तर आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागतो. हे काम कोणत्याही निबंधाच्या शीर्षकात झळकत नाही आणि त्याचे श्रेयही कोणाला मिळत नाही.

दुसरा प्रश्न विशेषनामांचा आहे. मजकुरातून माणसे, ठिकाणे आणि संस्था वेचून काढण्याला विशेषनाम-ओळख म्हणतात. १९९५ मध्ये अमेरिकेत झालेल्या संदेश-आकलन परिषदेच्या सहाव्या बैठकीत या कामाला स्वतंत्र कसोटीचे रूप मिळाले. इंग्रजीत विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे असते, ही पहिली खूण आयती मिळते. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाही, त्यामुळे ‘प्रकाश आला’ या वाक्यात दिवा लागला की मुलगा घरी आला, हे आजूबाजूच्या शब्दांवरूनच ठरवावे लागते. जळगावात ‘जैन’ हा शब्द धर्म, आडनाव आणि शहरातील सिंचन-उद्योग अशा तिन्ही अर्थांनी एकाच दैनिकाच्या एकाच पानावर येऊ शकतो. ‘पाटील’ हे आडनाव आहे आणि गावचे पदही आहे, आणि या विषयावर २०१६ व २०१७ मध्ये जळगावहून लिहिणाऱ्या तिघांपैकी नीता पाटील आणि अजय एस. पाटील हे दोघे स्वतःच पाटील असल्याने, ही अडचण त्यांना कोणी समजावून सांगावी लागली नसणार.

२०१६ च्या निबंधात मराठीतील विशेषनाम-ओळखीच्या अडचणींची मांडणी आहे आणि २०१७ च्या निबंधात त्यासाठी हिडन मार्कोव्ह प्रतिमान नावाची संख्याशास्त्रीय पद्धत वापरली आहे. तिचे मूळ रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांच्याकडे जाते. त्यांनी १९१३ मध्ये पुश्किनच्या ‘येवगेनी ओनेगिन’ या काव्यातील पहिली वीस हजार अक्षरे हाताने मोजून, स्वरानंतर स्वर येण्याची शक्यता किती आणि व्यंजन येण्याची किती याचा हिशेब मांडला होता. विशेषनामांच्या बाबतीत हाच हिशेब अक्षरांऐवजी शब्दांच्या प्रकारांवर चालतो: साधा शब्द झाल्यावर व्यक्तिनाम येण्याची शक्यता किती, व्यक्तिनामानंतर पुन्हा व्यक्तिनाम, म्हणजे नावानंतर आडनाव, येण्याची किती, आणि व्यक्तिनामाच्या जागी ‘पाटील’ हाच शब्द असण्याची किती. हे प्रकार मजकुरात लिहिलेले नसतात, दिसतात ते फक्त शब्द. म्हणून प्रतिमानाला ‘हिडन’, म्हणजे दडलेले, असे नाव आहे, आणि शब्दांवरून त्यांच्यामागची सर्वाधिक संभवनीय प्रकारमालिका शोधण्यासाठी अँड्र्यू व्हिटर्बी यांची १९६७ मधील कृती वापरली जाते. जळगावच्या प्रणालीत व्यक्ती, ठिकाण आणि संस्था यांच्याबरोबर रक्कम, तारीख, वेळ, माप असेही प्रकार धरलेले आहेत, आणि बाजारभावाच्या बातम्या वाचणाऱ्या प्रदेशासाठी ही निवड योग्यच म्हटली पाहिजे.

हा सारा हिशेब मांडायचा तर कोणीतरी आधी हजारो वाक्ये वाचून त्यांतील शब्दाशब्दाला हाताने खूण केलेली असावी लागते, आणि या संशोधनातील खरी मेहनत तिथेच आहे. भारतीय भाषांतील माहिती-शोधाची कसोटी घेण्यासाठी २००८ पासून भरणाऱ्या ‘फायर’ या मंचाने मराठी वृत्तपत्रांतील बातम्यांचा मोठा संग्रह संशोधकांना खुला केला आणि मराठीची पहिली मोठी सोय झाली. त्या संग्रहावर स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल विद्यापीठाच्या ल्यिल्याना डोलामिच आणि जाक साव्वा यांच्यासारख्या परदेशी अभ्यासकांनीही मराठी शोधाचे प्रयोग केले, ही गोष्ट मराठी वाचकांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही. मुंबईच्या आयआयटीत मराठी शब्दजाल, म्हणजे वर्डनेट, उभे राहिले. पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ या गटाने २०२२ मध्ये हाताने खुणा केलेली पंचवीस हजार मराठी वाक्ये ‘महानेर’ या नावाने सर्वांसाठी खुली केली. पद्धती दर चार-पाच वर्षांनी जुन्या होतात, पण खुणा केलेली वाक्ये टिकतात. नवी पद्धत आली की तिची परीक्षा त्याच वाक्यांवर घेता येते. म्हणून अशा संशोधनाचे मोल ठरवताना निबंधातील अचूकतेच्या टक्क्यापेक्षा त्यामागची सामग्री इतरांना खुली झाली की नाही, हे आधी पाहायला हवे.

खानदेशातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील संशोधनालाही हीच कसोटी लावता येते. बांभोरीचे महाविद्यालय १९८३ पासून आणि शिरपूरची आर. सी. पटेल तंत्रज्ञान संस्था २००१ पासून उभी आहे, आणि पानाचे छायाचित्र पाहून रोग ओळखणे हा अशा संस्थांतील प्रकल्पांचा सर्वत्र आवडता विषय आहे. या विषयावरील जगभरचे असंख्य निबंध ‘प्लँटव्हिलेज’ या आयत्या चित्रसंग्रहावर आधारलेले असतात. त्यात ५४ हजारांहून अधिक चित्रे आहेत, पण पिके चौदाच, आणि त्यांत सफरचंद, द्राक्ष, बटाटा व टोमॅटो असले तरी केळी नाही आणि कापूसही नाही. शिवाय चित्रे एकेक पान तोडून, साध्या पार्श्वभूमीवर ठेवून काढलेली आहेत; २०१६ मध्ये त्यांवर ९९ टक्क्यांहून अधिक अचूकता दाखवणारी प्रणाली निराळ्या परिस्थितीत काढलेल्या चित्रांवर सुमारे ३१ टक्क्यांवर घसरली, हे त्याच अभ्यासकांनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. निबंधांच्या संख्येवर पदवी आणि बढती अवलंबून असली की आयता संग्रह उतरवून घेऊन टक्केवारीचे कोष्टक छापण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, पण रावेर-यावलच्या शेतकऱ्याला त्याचा उपयोग शून्य. त्याला हवे आहे ते केळीच्या पानावरचा पिवळा पट्टा करप्याचा आहे, हरण्याचा, म्हणजे मावा किडीमार्फत पसरणाऱ्या विषाणूजन्य रोगाचा आहे, की नुसत्या अन्नद्रव्याच्या कमतरतेचा आहे, याचे उत्तर. आणि त्यासाठी भर उन्हात, धूळ बसलेल्या पानांची, जाणकाराने नाव लिहून दिलेली छायाचित्रे बागेत जाऊनच जमवावी लागतात.

मोठी भाषिक प्रतिमाने आल्यावर स्टेमरची गरज संपली, असे आता म्हटले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. ही प्रतिमाने शब्दाचे तुकडे व्याकरणाने न पाडता, प्रचंड मजकुरात कोणते अक्षरसमूह वारंवार एकत्र येतात हे पाहून पाडतात. मात्र त्यांचा मजकूर मुख्यतः इंग्रजी असतो, आणि संगणकात मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ या रूढ पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट लागते तिथे देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन लागतात. ‘धुळे’ हा शब्द देवनागरीत बारा बाइटांचा होतो, रोमन लिपीतील त्याची पाच अक्षरे पाच बाइटांत मावतात. त्यामुळे मराठी शब्दांचे तुकडे बारीक आणि अर्थहीन पडण्याचा संभव अधिक असतो. २०१७ चा स्टेमर जसाच्या तसा आज कोणी वापरणार नाही, पण ‘दोंडाईच्याच्या’सारख्या रूपांवर नवे प्रतिमान कसे वागते हे तपासायचे, तर त्या काळात जमवलेल्या अडचणींची यादीच कामी येते.

या सगळ्या प्रयत्नांत मराठी म्हणजे प्रमाण, छापील मराठी होती. खानदेशात ती शाळेत आणि वर्तमानपत्रात असते. घरात आणि बाजारात पुष्कळांच्या तोंडी अहिराणी असते, यावल-रावेरकडे लेवा गणबोली असते, सातपुड्याच्या पायथ्याशी भिली आणि पावरी असतात. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या शीर्षकाखाली सुमारे १८ लाख ६० हजार भाषकांची नोंद झाली आहे. ग्रिअर्सनने भारताच्या भाषिक पाहणीच्या १९०७ मधील खंडात खानदेशीला भिल्ल भाषांच्या गटात घातले, तर मराठी अभ्यासकांपैकी अनेक जण तिला मराठीची बोली मानतात. हा वाद इथे सोडवण्याचे कारण नाही, कारण संगणकापुढे तो निराळ्याच रूपात येतो.

प्रमाण मराठीतील ‘घरात’ला अहिराणीत ‘घरमा’ म्हणतात, ‘गावाला’चे ‘गावले’ होते, ‘मला’चे ‘माले’ आणि ‘माझा’चे ‘मना’. ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, म्हणून धुळ्याचे नाव ‘धुये’ आणि जळगावचे ‘जयगाव’. प्रमाण मराठीच्या नियमांत ‘ले’ हा शेवट ‘आले’, ‘गेले’ अशा भूतकाळी क्रियापदांचा मानला जातो, त्यामुळे त्या नियमांवर चालणारे यंत्र ‘गावले’ला क्रियापद समजण्याची शक्यता मोठी, ‘ना’ हा शेवट त्याला ‘लोकांना’मधल्या चतुर्थीचा वाटेल, प्रत्यक्षात ‘रामना’ म्हणजे रामाचा. याचा अर्थ मराठीचा स्टेमर अहिराणीवर थोडा कमी चालेल असा नाही, तर तो ठामपणे चुकीचे उत्तर देईल. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ प्रकल्प आणि त्याच्या भोवतीचे बरेचसे काम आठव्या परिशिष्टातील बावीस भाषांना धरून चालते आणि अहिराणी त्यांत नाही. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचा ‘वाणी’ प्रकल्प भाषेऐवजी जिल्हा हे एकक धरून ध्वनिमुद्रणे जमवतो, आणि खानदेशासारख्या प्रदेशासाठी हीच वाट अधिक उपयोगाची आहे.

अहिराणीसाठी ध्वनीपासून सुरुवात करण्याला व्यावहारिक कारणही आहे. तिचे लेखन देवनागरीत होत असले तरी शुद्धलेखनाचे एकमान्य नियम नाहीत. ‘करतो आहे’ या अर्थाचे सहायक क्रियापद कोणी ‘राहिना’ लिहितो, कोणी ‘राह्यना’, तर कोणी ‘ऱ्हायना’, आणि शेवटच्या रूपात पुन्हा तो दोन मार्गांनी लिहिला जाणारा अर्धा ‘र’ आहेच. यांतील एक रूप निवडून बाकीची पुसली, तर आज्ञावली सोपी होते, पण ज्या उच्चारभेदांचा अभ्यास व्हायला हवा तेच नाहीसे होतात; म्हणून मूळ ध्वनी, बोलणाऱ्याने किंवा लिहून घेणाऱ्याने वापरलेले लेखन आणि शोधासाठी ठरवलेले प्रमाण रूप, असे तीन स्तर वेगवेगळे ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरेल. गाव, तालुका, वय आणि घरात बोलली जाणारी बोली यांच्या नोंदी प्रत्येक मुद्रणासोबत हव्यात. साक्रीकडची अहिराणी आणि रावेरकडची लेवा गणबोली ‘खानदेशी’ या एकाच शिक्क्याखाली ठेवायच्या की निराळ्या, हा निर्णय मात्र काम सुरू करण्यापूर्वीच घ्यावा लागेल, कारण शिक्का न मारता एकत्र केलेली हजारो मुद्रणे नंतर ऐकून वेगळी करणे हे पहिल्यांदा ती जमवण्याइतकेच जिकिरीचे काम असते.